चुन्याची निवळी आणि दोन फळ्या

सहावीला 'साधी यंत्रे' शिकवताना तरफेची उदाहरणे ठरलेली असतात. पहार, कात्री, चिमटा, अडकित्ता, लिंबू पिळायचे यंत्र. दोन पावसाळ्यांपूर्वी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातल्या मुलांबरोबर आम्ही हीच यादी घोकत होतो. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, लिंबाला यंत्र आहे, सुपारीला आहे, मग भाकरीला का नाही? आई रोज वीस-पंचवीस भाकऱ्या थापते."

आमच्यापैकी कोणालाच पटकन उत्तर देता आले नाही. विज्ञान शिकवणारे आम्ही तीन शिक्षक, आणि तिघांच्याही घरी भाकरी रोज होते. त्यातल्या दोघांनी ती आजवर फक्त खाल्ली होती. तिसऱ्या आमच्या बाई. त्या म्हणाल्या, "यंत्र आहे, पण आपल्याकडे नाही. मेक्सिकोत आहे." मक्याच्या पातळ भाकरीला तिकडे तोर्तिया म्हणतात आणि ती दोन फळ्यांमध्ये दाबून करतात, एवढे त्यांनी वाचले होते. मग ठरले की तसे यंत्र करून पाहायचे.

गावातल्या सुताराने सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून ते दोन दिवसांत करून दिले. रचना अगदी साधी. वीस सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या दोन जाड फळ्या, मागच्या बाजूला बिजागऱ्या. पुढच्या बाजूला खालच्या फळीवर दोन कान ठोकलेले, आणि त्यांच्यामध्ये खिळीवर फिरणारा तीस सेंटिमीटरचा दांडा. खालच्या फळीवर पिठाचा गोळा ठेवायचा, वरची फळी मिटायची, दांडा तिच्यावर आडवा आणून खाली दाबायचा. खिळी हा टेकू, तिच्यापासून पाच सेंटिमीटरवर दांडा फळीला टेकतो तो भार, आणि तीस सेंटिमीटरवर आपला हात म्हणजे बल. टेकू एका टोकाला, भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला. म्हणजे अडकित्त्याच्याच जातीची, दुसऱ्या प्रकारची तरफ. हाताने दहा किलोचा जोर दिला तर फळीवर साठ किलोचा पडतो.

मुलांनी लगेच गणित मांडले. चार सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचे घनफळ सुमारे ३३.५ घन सेंटिमीटर. त्याची पंधरा सेंटिमीटर व्यासाची चकती झाली तर क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटर, म्हणून जाडी जेमतेम १.९ मिलिमीटर. कागदावर सगळे छान जुळले.

पिठाने मात्र ते मानले नाही. पहिल्यांदा आम्ही गव्हाची कणीक दाबली. चकती उत्तम झाली, पण फळी उचलताच ती आक्रसली आणि पुरीएवढी होऊन बसली. मग तांदळाचे पीठ थंड पाण्यात भिजवून दाबले. त्याच्या कडा फाटल्या आणि चकतीला भेगा पडल्या. मक्याचे पीठ आणून दाबले, त्याचीही तीच गत. तेव्हा शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो सर, उकड नाय काढलीत, भाकरी फुटंल नायतर काय व्हईल?"

रायगडात तांदळाची भाकरी करताना आधी पाण्याला उकळी आणतात, त्यात मीठ आणि पीठ घालून झाकण ठेवतात, आणि ही उकड गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळतात. यामागचे विज्ञान असे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन नावाचे प्रथिनांचे जाळे असते. ते रबरासारखे ताणले जाते आणि पुन्हा मागे येते. म्हणून कणीक लाटता येते आणि म्हणूनच ती दाबल्यावर आक्रसते. तांदूळ, ज्वारी, नाचणी, मका यांच्यात हे जाळे नाही. तिथे पिठाला धरून ठेवायला दुसरे काहीतरी लागते. उकळत्या पाण्यात तांदळातल्या पिष्टाचे काही कण फुगून फुटतात आणि त्यांची खळ होते. भिंतीला कागद चिकटवतो तीच खळ. उरलेल्या पिठाला ती बांधून ठेवते. मावशींनी उकड काढून दिली, आणि आमच्या यंत्रातून पहिली धड चकती निघाली. खाली-वर दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन लावल्या होत्या, त्यामुळे ती चिकटली नाही.

केरळात मलबारच्या मुस्लिम घरांत तांदळाच्या उकडीचीच 'पत्तिरी' करतात, आणि ती दाबण्यासाठी असे लाकडी यंत्र तिथे घराघरांत वापरले जाते, हे आम्हाला नंतर कळले. आपल्याकडेही पापड दाबायची अशी यंत्रे दुकानात मिळतात. तेव्हा आम्ही काही नवीन केले नव्हते. पण मक्याचे कोडे सुटले नव्हते. मक्याची उकड काढूनही चकती हवी तशी होईना. चव तर भरड्यासारखी लागे. मेक्सिकोतल्या बायका ज्या पिठाची मऊ, दुमडली तरी न तुटणारी तोर्तिया करतात ते पीठ हे नव्हेच, एवढे लक्षात आले. यंत्र राहिले बाजूला आणि आम्ही पिठाच्या मागे लागलो.

राखेचे पाणी, चुन्याचे पाणी

मका हे मेक्सिकोच्या नैर्ऋत्येकडील बाल्सास नदीच्या खोऱ्यातले धान्य. 'तेओसिंते' नावाच्या रानगवतापासून माणसाने ते सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी घडवायला सुरुवात केली. मक्याच्या दाण्यावर चिवट साल असते. ती कुटून किंवा दळून सहज निघत नाही. तिथल्या लोकांनी यावर एक उपाय काढला. दाणे चुन्याच्या किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी धुवायचे. साल सुटून हातात येते. या दाण्यांना तिथल्या नाव्हातल भाषेत निश्तमाल म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटात राख या अर्थाचा शब्द आहे. ग्वातेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडलेल्या पुराव्यांवरून ही रीत इसवी सनापूर्वी १५०० ते १२०० या काळात तरी रूढ असावी असे मानतात.

निश्तमाल ओलाच वाटायचा. त्यासाठी तीन पायांचा, उतरता दगडी पाटा आणि वर लांबट वरवंटा. तो आपल्या पाट्या-वरवंट्याचा सख्खा भाऊच, फक्त बाई त्याच्यामागे गुडघ्यांवर बसते. वाटलेल्या पिठाला मासा म्हणतात. त्याचा गोळा घेऊन दोन्ही तळव्यांत थापटत थापटत पातळ करायचा आणि मातीच्या तव्यावर टाकायचा. यात फळ्या कुठेच नाहीत. हजारो वर्षे तोर्तिया हातावरच थापली गेली.

शिक्षकांनी मुद्दाम पाहावे असे एक चित्र आहे. स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकल्यावर, १५४१ च्या सुमारास, तिथल्या चित्रकारांकडून एक पोथी तयार करून घेतली गेली. तिला 'कोडेक्स मेंडोसा' म्हणतात. ती आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तिच्या एका भागात मुलांना कोणत्या वर्षी काय शिकवायचे ते चित्रांनी दाखवले आहे. प्रत्येक मुलाच्या डोक्यापाशी त्याच्या वयाचे ठिपके आणि त्याच्या वाट्याच्या तोर्तिया काढलेल्या. तिसऱ्या वर्षी अर्धी, चौथ्या-पाचव्या वर्षी एक, सहाव्यापासून बाराव्यापर्यंत दीड, तेराव्या वर्षी दोन. आणि तेराव्या वर्षाची मुलगी पाट्यापुढे गुडघे टेकून मका वाटते आहे. बाजूला चूल आणि तवा. अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि पोषण आहार एकाच पानावर! वर्गात आम्ही हे चित्र दाखवले तेव्हा मुलींनी आधी ठिपके मोजले आणि मग म्हणाल्या, "ही आमच्याएवढीच आहे."

या वाटण्याला किती वेळ लागे? मेक्सिको शहराजवळच्या तेपोस्त्लान या गावाचा मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी १९४० च्या दशकात अभ्यास केला आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९५१ मध्ये आले. त्यातून आणि इतर नोंदींतून दिसते की घरातल्या बाईचे दिवसाचे चार ते सहा तास पाट्यावर जात. तासन् तास तिथे बसून, भल्या पहाटे सुरुवात करून. १९२० च्या दशकात त्या गावात मक्याची पहिली गिरणी आली. पुरुषांनी विरोध केला. गिरणीच्या मक्याला चव नसते, आणि बायकांना रिकामा वेळ मिळाला तर त्या बिघडतील, ही त्यांची कारणे. ती गिरणी बंद पडली. काही काळाने दुसरी आली तेव्हा बायका तिच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि ती चालली. आपल्याकडे जात्याकडून गिरणीकडे जाताना घराघरांत काय बोलले गेले, हे कोणी लिहून ठेवायला हवे होते. आम्ही वरशात दोन-तीन आजींना विचारले. एकीने हसून विषय बदलला.

लाकडी दाबयंत्र या सगळ्यानंतरचे, विसाव्या शतकात घरोघर पसरलेले. गिरणीने वाटणे वाचवले, फळ्यांनी थापणे. पुढे दाबायचे आणि भाजायचेही काम मोठ्या यंत्रांकडे गेले. १९४९ मध्ये नुएवो लेऑन राज्यात 'मासेका' नावाने निश्तमालाचे कोरडे पीठ विकायला सुरुवात झाली. त्यामुळे भिजवणेही संपले. आज मेक्सिकोच्या शहरांत बहुतेक घरी तोर्तिया दुकानातून येते. पण रविवारी पाहुणे आले की फळ्या बाहेर निघतात, आपल्याकडे पुरणपोळीला पोळपाट निघावा तशा.

एक गोष्ट जाता जाता. १८९९ मध्ये मेक्सिकोतल्याच फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या लेखकाने मानवजातीची गहू खाणारे, मका खाणारे आणि तांदूळ खाणारे अशी वाटणी केली, आणि प्रगती फक्त गहू खाणाऱ्यांच्या नशिबी आहे असे ठरवून टाकले. त्याच्या हिशेबात अख्खा कोकण कायमचा नापास. असे निष्कर्ष शास्त्राची भाषा वापरून काढले जातात तेव्हा ते किती पटकन पटतात, हे मुलांना दाखवायला उदाहरण चांगले आहे. आणि विनोद असा की याच्या नेमके उलटे काहीतरी घडत होते. मका खाणाऱ्या मेक्सिकोला नसलेला एक रोग मका नव्याने शिकलेल्या गोऱ्या माणसांना होत होता.

दाणा गेला, रीत राहिली

१४९३ मध्ये कोलंबसाबरोबर मका युरोपात पोहोचला. पीक भरघोस, धान्य स्वस्त. उत्तर इटली, स्पेनचा डोंगराळ भाग, पुढे रुमानिया, अशा ठिकाणी ते गरिबांचे मुख्य अन्न झाले. पण बियाणे नेणाऱ्यांनी चुन्याचे पाणी नेले नाही. त्यांच्याकडे पवनचक्क्या आणि पाणचक्क्या होत्या, त्यांत साल काढल्याशिवायही मका दळला जाई. मग बायकांच्या त्या किचकट रीतीची गरज काय?

१७३५ मध्ये स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याला शेतमजुरांत एक नवा रोग दिसला. हातापायांवर आणि गळ्याभोवती, जिथे ऊन लागते तिथे, कातडी लाल होऊन खरखरीत व्हायची. गळ्याभोवतीच्या पट्ट्याला आजही वैद्यकाच्या पुस्तकांत 'कासालचा हार' म्हणतात. रुग्ण जवळजवळ मक्यावरच जगत असल्याचे त्याने नोंदवले होते. त्याचे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १७६२ मध्ये छापले गेले. १७७१ मध्ये इटलीतल्या फ्रापोली या वैद्याने या रोगाचे स्थानिक नाव ग्रंथात आणले: पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी. कातडीनंतर जुलाब, जुलाबानंतर मनाचा भ्रम आणि शेवटी मृत्यू, असा त्याचा क्रम.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत या रोगाने थैमान घातले. कापसाच्या शेतांवरचे कूळ आणि सूतगिरण्यांतले मजूर मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यांवर राहत. त्यातच मक्याचा कोंब काढून टाकणारी नवी गिरणी आली, पीठ टिकाऊ झाले आणि आणखी निकस झाले. १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि त्यातले सुमारे एक लाख मेले, असा अंदाज आहे.

रोगजंतूंच्या शोधांनी भारावलेला तो काळ. डॉक्टरांना वाटे, हाही साथीचा रोग असणार. १९१४ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासासाठी पाठवले. त्याने वेड्यांची इस्पितळे आणि अनाथालये पाहिली आणि एक साधी गोष्ट टिपली. रोग राहणाऱ्यांना होतो, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना होत नाही. जंतू असता तर त्याने असा भेद केला नसता. फरक होता ताटात. १९१५ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या रँकिन तुरुंगशेतीवर ११ कैद्यांनी शिक्षा माफीच्या बदल्यात मक्याचे आणि पांढऱ्या पिठाचे निकस जेवण महिनोन् महिने घेतले. त्यांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. हा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि मुलांशी त्यावर बोलायलाच हवे. विरोधक तरीही ऐकेनात, तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्याच्या पत्नीनेही. कोणालाही रोग झाला नाही. आहारात नेमके काय कमी पडते ते मात्र गोल्डबर्गरला सापडले नाही. तो १९२९ मध्ये वारला. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेयेम याने दाखवले की कुत्र्यांचा याच जातीचा रोग निकोटिनिक आम्लाने बरा होतो. हेच ब गटातले जीवनसत्त्व नायासिन.

आता गंमत अशी की मक्यात नायासिन असते. पण ते कर्बोदकांशी असे जखडलेले असते की आपल्या आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर थोडे नायासिन स्वतः तयार करू शकते, साठ मिलिग्रॅमपासून साधारण एक मिलिग्रॅम. पण मक्याच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅनही कमी. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात शिजवले की ते बंध तुटतात आणि नायासिन मोकळे होते. त्याच पाण्याने साल सुटते, दाण्यातले डिंकासारखे पदार्थ सुटून पिठाला चिकटपणा येतो, कॅल्शियम मिळते, बुरशीचे विषही बरेच कमी होते. मेक्सिकोतल्या बाईला जीवनसत्त्व ठाऊक नव्हते. तिला पीठ नीट थापता यायला हवे होते. तिच्या ताटात घेवडाही असे, हेही विसरता कामा नये.

या गोष्टीचा एक धागा आपल्या दख्खनपर्यंत येतो. १९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादला हललेल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (पुढे १९६९ मध्ये तिचीच राष्ट्रीय पोषण संस्था झाली) डॉ. कोलुथुर गोपालन यांच्यासमोर पेलाग्राचे रुग्ण येत होते. पण हे मका खाणारे नव्हते. दख्खनच्या पठारावरचे, ज्वारीवर जगणारे गरीब शेतमजूर होते. ज्वारीत ट्रिप्टोफॅनची मक्याइतकी ददात नाही, मग रोग का? १९६० मध्ये गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये मत मांडले की ज्वारीतले ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त झाले की शरीराचे नायासिन बनवण्याचे काम बिघडत असावे. या मतावर पुढे बराच वाद झाला, दुसऱ्या ठिकाणच्या सगळ्याच प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही. आहार मिश्र होत गेला तसा हा रोगही विरळ झाला. मराठी घरात ज्वारीची भाकरी सहसा एकटी नसते. डाळ, पिठले, शेंगदाण्याची चटणी, ताक यांतले काहीतरी असतेच. ज्यांच्या ताटात यातले काहीच नव्हते त्यांना रोग झाला. म्हणून दोष ज्वारीला देणे आम्हाला पटत नाही.

वरशातला निश्तमाल

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा यंत्राकडे वळलो. रोह्याच्या बाजारातून किलोभर वाळलेला खाण्याचा मका आणला. पानवाल्याकडून खायचा चुना आणला. रंगकामाचा चुना चालत नाही, हे वर्गात करणाऱ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. तीन लिटर पाण्यात दोन चमचे चुना कालवला आणि मका उकळायला ठेवला. पाच मिनिटांत पातेले आतून काळे पडू लागले, कडेला बारीक बुडबुडे. पातेले ॲल्युमिनियमचे होते! चुन्याशी त्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, हे दहावीला आम्हीच शिकवतो. ते सगळे फेकून दिले आणि स्टीलच्या पातेल्यात पुन्हा सुरुवात केली.

पाऊण तास उकळून मका रात्रभर तसाच ठेवला. सकाळी दाणे झगझगीत पिवळे झाले होते, आणि बोटांनी चोळले की साल शेवाळासारखी सुटत होती. वर राहिलेल्या पाण्यात हळदीचा कागद बुडवला तर तो लाल झाला. दाणे तीन-चार पाण्यांनी धुऊन मावशींनी पाट्यावर वाटले. अर्धा तास झाल्यावर त्यांनी वरवंटा एका सरांच्या हाती दिला. सर दहा मिनिटे टिकले. उरलेले मिक्सरमध्ये वाटले.

आणि मासा फळ्यांत घातला तर काय आश्चर्य, भेग नाही, फाटणे नाही. दुधाची पिशवी सोलून काढली की चकती अलगद तळहातावर येई. एक अडचण मात्र राहिली. बिजागरीच्या बाजूला चकती जाड आणि दांड्याच्या बाजूला पातळ होई, कारण फळ्या पूर्ण समांतर मिटत नाहीत. चकती अर्धा फेरा फिरवून पुन्हा हलकेच दाबली की ती सारखी होते. शेवटच्या टप्प्यात जोर फार लागतो हेही मुलांच्या लक्षात आले. गोळा जितका पातळ होतो तितके पीठ कडेला सरकायला अधिक कुरकुरते, जाडी थोडी कमी करायलाही बल कितीतरी वाढवावे लागते. आषाढात सागाची वरची फळी दमट हवेने पिळली आणि चकत्या एका कोपऱ्यात जाड येऊ लागल्या. सुताराने रेषांच्या आडव्या दिशेने दोन पट्ट्या ठोकून दिल्या तेव्हा ती सरळ झाली. लाकूड रेषेच्या दिशेने फारसे फुगत नाही, आडवे फुगते. हा धडा आमच्या कोणाच्याच टिपणात नव्हता.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने घड्याळ लावले. यंत्रावर एक चकती, पिशव्या सोलण्यासकट, चाळीस सेकंद. मावशींची तांदळाची भाकरी, परातीत थापून तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवेपर्यंत, पस्तीस सेकंद. आणि त्यांची भाकरी आकाराने दीडपट. मुलगी नाराज झाली. मावशी म्हणाल्या, "ज्याला येत नाय त्याला बरं हाय ते. तुज्या बापाला शिकव."

मग त्यांनी उरलेला मासा हातात घेतला, दोन बोटे पाण्यात बुडवली आणि परातीत गोल गोल थापला. तव्यावर तो टम्म फुगला. तुकडा तोंडात टाकून त्यांनी विचारले, "चुना किती घातलेला, सर?"